लोखंडाची छत्री

मराठीत 'छत्री' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक छत्री मृगाच्या तोंडावर खुंटीवरून खाली निघते. दुसरी दगडाची असते आणि ती कायमची उघडी असते. इंदूरच्या मराठी माणसाला कृष्णपुऱ्याच्या होळकरांच्या छत्र्या ठाऊक आहेत, ग्वाल्हेर-शिवपुरीकडच्या माणसाला शिंद्यांच्या, आणि पुणेकराला वानवडीची महादजींची छत्री. राजाच्या डोक्यावर जिवंतपणी छत्र धरले जाई. तो गेल्यावर त्याच्या दहनभूमीवर दगडाचे छत्र उभे करायचे, अशी ही कल्पना. तिचे अगदी साधे रूप पाहिले तर चौथरा, चार, आठ किंवा बारा खांब आणि वर घुमट, एवढेच. भिंती नाहीत, दार नाही.

या दोन छत्र्यांखेरीज तिसरीही एक आहे आणि ती लोखंडाची आहे. इंग्लंडातल्या जुन्या सार्वजनिक बागांतून आणि समुद्रकाठच्या गावांतून ती अजून दिसते. तिथे तिला 'बँडस्टँड' म्हणतात. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, या लोखंडी छत्र्यांचे तिकडे पेवच फुटले. अशा छत्रीखाली वादक बसत आणि भोवतीच्या हिरवळीवर गाव बसून ऐके.

पहिल्या दोन छत्र्यांशी या तिसरीचे नाते काय, हे पाहण्यासारखे आहे. ते पाहायला लंडनच्या दक्षिणेला इंग्लिश खाडीवर वसलेल्या ब्रायटन या गावाइतके सोयीचे दुसरे गाव नाही.

राजपुत्राचा बंगला

ब्रायटन हे मूळचे कोळ्यांचे गाव. समुद्रस्नानाने प्रकृती सुधारते असा समज अठराव्या शतकात पसरला आणि लंडनचे धनिक तिथे येऊ लागले. त्यांच्यात युवराज जॉर्जही होता. पुढे तोच चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आला. त्याने १७८७ मध्ये तिथे एक साधा बंगला बांधून घेतला. पुढे १८१५ ते १८२२ या काळात जॉन नॅश या वास्तुविशारदाने त्या बंगल्याचा कायापालट केला. कांद्याच्या आकाराचे घुमट, मनोरे, दगडी जाळ्या आणि छपरावर ठिकठिकाणी छोट्या छत्र्या, असे हे 'रॉयल पॅव्हिलियन' आजही पाहणाऱ्याला चकित करते. बाहेरून पाहावे तर दिल्ली-आग्र्याची आठवण, आत जावे तर चिनी पद्धतीची सजावट!

नॅशने हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. त्याच्यापुढे चित्रे होती. टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे दोघे चित्रकार १७८६ मध्ये कलकत्त्याला उतरले आणि १७९३ पर्यंत या देशात हिंडले. परतल्यावर १७९५ पासून त्यांनी 'ओरिएंटल सीनरी' या नावाने आपल्या इमारतींची, नद्यांची, घाटांची रंगीत चित्रे खंडाखंडांनी प्रसिद्ध केली. आपल्या वाचकांनी यातला एक धागा मुद्दाम ध्यानात ठेवावा. वेरूळच्या लेण्यांची जी चित्रे डॅनियल यांनी १८०३ मध्ये छापली, ती जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांवरून केलेली होती. हा वेल्स पुण्याला सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबारी चित्रे काढून गेलेला माणूस; आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांत गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार होता. अर्थात ब्रायटनचे घुमट वेरूळवरून घेतलेले नाहीत, ते उत्तरेच्या मशिदी-मकबऱ्यांवरून घेतले आहेत. पण हिंदुस्थानच्या वास्तूंची जी ओढ त्या काळी विलायतेत निर्माण झाली, तिच्यात मराठी हाताचाही काही वाटा होता.

नॅशने आणखी एक गोष्ट केली. घुमट आपल्याकडचे घेतले. पण ते पेलायला त्याने विलायतेतले नवे साहित्य वापरले, म्हणजे बीड. मधल्या मोठ्या घुमटाच्या आत लोखंडाचा सांगाडा आहे. स्वयंपाकघरात बिडाचे खांब आहेत आणि त्यांना वर माडासारख्या झावळ्या लावल्या आहेत. एक जिना बांबूचा वाटतो, तोही बिडाचाच. हिंदी आकार आणि लोखंड यांची गाठ अशी तिथे प्रथम ठळकपणे पडली. पण ती पडली एका विलासी युवराजाच्या खासगी महालात. सामान्य ब्रायटनकराला त्या महालात मज्जाव होता.

व्हिक्टोरिया राणीला हा महाल आवडला नाही. १८५० मध्ये गावाने तो ५३ हजार पौंडांना विकत घेतला आणि राजवाडा नगरपालिकेचा झाला. त्याच आवारात युवराजाच्या घोड्यांसाठी विल्यम पॉर्डेन याने बांधलेली, प्रचंड घुमटाची पागा होती. गावाचे सर्वेक्षक फिलिप लॉकवुड यांनी तिचे संगीतसभागृह केले आणि १८६७ मध्ये ते लोकांसाठी उघडले. जिथे घोडे बांधले जात, तिथे गाव गाणे ऐकू लागले. याच लॉकवुड यांनी १८८४ मध्ये समुद्रकाठच्या रस्त्यावर बँडस्टँड बांधला. लोकांनी त्याला 'पक्ष्याचा पिंजरा' असे नाव ठेवले.

या पिंजऱ्याची रचना अशी. खाली समुद्राच्या पातळीवर एक मजला, त्यावर अष्टकोनी चौथरा. रस्त्यावरून चौथऱ्यावर यायला छोटा पूल. चौथऱ्याच्या कडेने सडपातळ लोखंडी खांब, खांबाखांबांत जाळीदार नक्षीच्या कमानी आणि वर घुमट. थोडे अंतर राखून पाहिले तर कमानींतून पलीकडचा समुद्र दिसतो. चौथरा, खांब, कमानी, घुमट आणि चारी बाजू मोकळ्या, ही मांडणी आपल्या ओळखीची आहे.

बँडस्टँड म्हणजे हिंदुस्थानी छत्रीची नक्कल, असे सरसकट विधान मात्र कोणी करू नये. या आकाराला आणखीही पूर्वज आहेत. इराणात आणि तुर्कस्तानात बागेतल्या मोकळ्या मंडपाला 'कुश्क', 'कोश्क' म्हणत. त्यावरूनच फ्रेंचांचा 'किऑस्क' आला आणि फ्रान्समध्ये बँडस्टँडला आजही 'संगीताचा किऑस्क' म्हणतात. चिनी बागेतले मंडपही अठराव्या शतकातल्या युरोपला आवडले होते. या सगळ्यांचे मिश्रण होऊन बँडस्टँड झाला. पण हे सगळे पूर्वज पूर्वेकडचे आहेत आणि ब्रायटनमध्ये त्यांतल्या हिंदी पूर्वजाचा चेहरा सर्वांत स्पष्ट दिसतो.

रविवारचे भांडण

आता हा आकार बागेत कशासाठी आला ते पाहू. कारखानदारीने इंग्लंडातली शहरे भराभर वाढली, आणि श्वास घ्यायला जागा उरली नाही. १८३३ मध्ये पार्लमेंटच्या एका समितीने सार्वजनिक फिरण्याच्या जागांचा विचार केला. डर्बी शहरात १८४० मध्ये आणि बर्केनहेडला १८४७ मध्ये बागा उघडल्या. कामगाराने गुत्त्यात जाण्यापेक्षा बायकामुलांसह बागेत यावे, असा सुधारकांचा हेतू होता. पण नुसत्या झाडांनी गुत्त्यातला माणूस बाहेर येईना. त्याला संगीत हवे होते.

कामगाराला मोकळा दिवस एकच, रविवार. आणि रविवार तर देवाचा. १८५५ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याचे आयुक्त सर बेंजामिन हॉल यांनी लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये रविवारी लष्करी बँड वाजवण्याची सोय केली. पुढच्या वर्षी रीजंट्स पार्क आणि पूर्व लंडनमधल्या गरिबांचे व्हिक्टोरिया पार्क येथेही बँड सुरू झाला. लोकांची रीघ लागली. धर्मनिष्ठ मंडळी खवळली. कँटरबरीच्या आर्चबिशपांनी पंतप्रधान पामर्स्टन यांना पत्र लिहिले आणि मे १८५६ मध्ये सरकारी बँड बंद झाला. तेव्हा 'नॅशनल संडे लीग' या संस्थेने वर्गणी जमवून आपले बँड उभे केले. रविवार कोणाचा, हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे गावोगाव धुमसत राहिला.

या भांडणाकडे आज पाहिले तर गंमत वाटते. पण प्रश्न गमतीचा नव्हता. श्रीमंतांना रविवारी घरच्या पियानोवर काहीही ऐकता येत होते. ज्याच्या घरात पियानो नाही त्याने ऐकावे की नाही, एवढाच मुद्दा होता. आपल्याकडे देवळाच्या गाभाऱ्यापासून विहिरीपर्यंत जे प्रश्न उठले, त्यांच्याच जातीचा हा प्रश्न म्हणायला हरकत नाही.

याच सुमारास, १८६१ मध्ये, लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत दोन बँडस्टँड उभे राहिले. लष्करी इंजिनियर कॅप्टन फ्रान्सिस फोक यांनी त्यांचा आराखडा केला होता. इंग्लंडातले हे पहिले लोखंडी बँडस्टँड मानले जातात. ती बाग पैसे भरणाऱ्यांची होती. पुढे ती बंद पडल्यावर दोन्ही बँडस्टँड उचलून दक्षिण लंडनमधल्या सदर्क पार्क आणि पेकहॅम राय या कामगारवस्तीच्या बागांत नेऊन बसवले गेले. १८९० मध्ये क्लॅपहॅम कॉमन या मैदानावर त्यांच्याच धर्तीचा तिसरा बांधला गेला. तो अजून उभा आहे. त्याला पुष्कळ वर्षे लोक केन्सिंग्टनच्या जोडीतलाच एक समजत. खरी जोडी मात्र नाहीशी झाली.

बिडाचे काम

बँडस्टँड बागेच्या मधोमध असतो, म्हणून त्याला पुढची बाजू आणि मागची बाजू नसते. नाटकगृहात रंगमंच एका टोकाला आणि पुढच्या खुर्च्या जास्त पैशांच्या. बागेत तसे नाही. अष्टकोनाच्या आठही दिशांनी माणसे येणार आणि सगळ्यांना सारखे ऐकू यायला हवे. गोल छप्पर करणे महागाचे, चौकोनी केले तर कोपरे वाया जातात. अष्टकोन हा मधला मार्ग. सरळ तुकड्यांनी तो बांधता येतो आणि वादकांना अर्धवर्तुळात बसता येते. अष्टकोनाखेरीज षट्कोनी, बाराकोनी बँडस्टँडही झाले, पण जास्त वापरात आला तो अष्टकोनच.

चौथरा साधारण कमरेइतका किंवा त्याहून थोडा उंच, कारण ऐकणाऱ्याला वादक दिसावा आणि आवाज पुढच्या माणसांच्या डोक्यावरून मागे जावा. चौथऱ्याच्या पोटात पुष्कळदा खोली असते. तिथे खुर्च्या आणि स्वरलिपीचे कागद ठेवायच्या घोड्या ठेवत. मोकळ्या हवेत आवाजाची फार नासाडी होते. अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता चौथाईवर येते, आणि वर गेलेला आवाज तर आभाळातच जातो. म्हणून छताच्या आतल्या बाजूला लाकडी फळ्यांचे अस्तर लावत. वर जाणारा आवाज फळ्यांवर आपटून खाली, लोकांकडे वळे. समुद्रकाठी वारा फार, तिथे काही ठिकाणी वाऱ्याच्या बाजूला काचेचे पडदे बसवीत.

हे सगळे बिडातच का केले, याचे उत्तर बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीत ज्याने फाउंड्री पाहिली आहे, त्याला लगेच कळेल. एकदा लाकडाचा पॅटर्न करावा, त्याचा वाळूत साचा उठवावा, वितळलेला रस ओतावा; एक कमान निघाली की तशाच आठ निघतात, आणि ऐंशीही निघतात. दगडावर तीच नक्षी करायची तर पाथरवटाला प्रत्येक वेळी पहिल्यापासून छिन्नी चालवावी लागते. बीड दाबाला फार टिकते, म्हणून खांब अगदी बारीक करता येतात आणि मागे बसलेल्या माणसाला वादक दिसतो. मात्र ताणाला ते कच्चे. वाकत नाही, एकदम तुटते. त्यामुळे जिथे ताण येतो तिथे घडीव लोखंडाच्या सळ्या वापरत. खांब पोकळ ओतत. छपरावरचे पावसाचे पाणी पुष्कळ ठिकाणी या खांबांच्या पोटातूनच खाली जाई, बाहेर पन्हळ दिसत नसे. पुढे बँडस्टँड खराब झाले तेही इथूनच. पोटातली वाट पाल्यापाचोळ्याने तुंबली की पाणी आत साचे, थंडीत गोठून फुगे आणि खांब उभा तडके.

या कामात ग्लासगो शहराने नाव काढले. तिथल्या वॉल्टर मॅकफार्लेन यांच्या 'सॅरासेन फाउंड्री'ने कारंजी, दिव्यांचे खांब, कठडे, बँडस्टँड या सर्वांची चित्रमय सूचिपुस्तके छापली. नगरपालिकेने पुस्तक उघडावे, नमुन्याचा क्रमांक कळवावा; माल सुटा होऊन रेल्वेने किंवा बोटीने येई, आणि गावातले मिस्त्री तो नट-बोल्ट आवळून उभा करीत. 'सॅरासेन' म्हणजे युरोपीय बोलीत अरब, मुसलमान. फाउंड्रीचे नाव पडले ते ग्लासगोतल्या एका गल्लीवरून. तरी पूर्वेकडची कमान घरोघर पोचवणाऱ्या कारखान्याला हे नाव शोभून दिसले.

वाजवणारे हात

वास्तू कितीही सुंदर असली तरी आत कोण बसते यावर तिची खरी किंमत ठरते. इंग्लंडच्या बँडस्टँडमध्ये लष्करी वादक बसत, तसेच कोळशाच्या खाणीतले आणि कापडगिरण्यांतले मजूरही बसत. पितळी वाद्यांना झडपा बसवण्याची युक्ती निघाल्यावर तीन बोटांनी सगळे स्वर काढता येऊ लागले. अडोल्फ साक्स यांनी १८४५ मध्ये पेटंट घेतलेल्या सॅक्सहॉर्न या वाद्यांच्या कुटुंबात लहानापासून मोठ्यापर्यंत सगळ्यांवर बोटे फिरवण्याची रीत एकच होती. एक वादक आजारी पडला तर शेजारचा त्याचे वाद्य उचलू शके. खडबडीत झालेल्या हातांना हे वाद्य मानवले. यॉर्कशरमधल्या ब्लॅक डाइक गिरणीचा बँड १८५५ मधला, तो आजही वाजतो आहे. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत १८५३ पासून बँडांच्या चढाओढी सुरू झाल्या. ज्या माणसाला आठवडाभर भोंग्यावर धावावे लागे, तो रविवारी गणवेश घालून चौथऱ्यावर चढे, आणि मालक खाली उभा राहून ऐके.

आपल्याकडे वाजपाला छत होते ते नगारखान्यात. रायगडचा नगारखाना असो, कोल्हापूरच्या भवानी मंडपाचा असो, तो दरवाजावर असतो. नौबत झडते ती राजाची किंवा देवाची वर्दी म्हणून. आवाज गावभर जातो, पण ती वेळ गावाने ठरवलेली नसते. वाजवणारा उंचावर बसतो, तरी त्याचा मान खालचाच राहतो; सनई-चौघडा ज्या घराण्यांकडे होता, त्यांना पंगतीत कुठे बसवत हे सांगायला नको. नगारखाना राजाच्या दाराशी आणि बँडस्टँड लोकांच्या मधोमध, हा दोन्ही वास्तूंमधला फरक.

आपल्याकडे विलायती बँड नव्हता असे मात्र नाही. तंजावरच्या मराठी दरबारात सरफोजी राजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) विलायती वाद्यांचा बँड ठेवला होता आणि त्याच्यासाठी चिजा बांधून घेतल्या होत्या. म्हणजे इंग्लंडात बँडस्टँड उभे राहण्याच्या आधीपासून मराठी राजाकडे बँड होता. तोही दरबाराचाच.

छत्रीचे परत येणे

ग्लासगोच्या लोखंडाबरोबर ही छत्री आपल्याकडे परत आली. मुंबईत कूपरेज मैदानाजवळचा बँडस्टँड १८६७ चा. वांद्र्याच्या समुद्रकाठी तर 'बँडस्टँड' हे नाव रस्त्यालाच चिकटले. आज तिथे फिरायला जाणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांनी तिथे बँड कधी ऐकलेला नसेल. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत १८७९ मध्ये कमाटीबाग, म्हणजे आजची सयाजीबाग, लोकांसाठी उघडली. तिथेही बँडस्टँड आला. महाराजांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा सुरू करून गाणे शाळेत नेले. बागेतला बँडस्टँड ही त्याच विचाराची दुसरी बाजू मानता येईल. गाणे दरबारातून काढून एकदा वर्गात न्यायचे, एकदा हिरवळीवर. पणजीच्या गार्सिया द ओर्ता बागेत पोर्तुगीज वळणाचा बँडस्टँड आहे. त्याला त्या भाषेत 'कोरेतु' म्हणतात. स्वरलिपी वाचणारे गोव्याचे वादक पुढे मुंबईपासून संस्थानांपर्यंत कितीतरी बँडांचा कणा झाले.

म्हैसूरच्या राजवाड्यातला कल्याणमंडप याहून बोलका आहे. १९१२ मध्ये पुऱ्या झालेल्या या वाड्यात लग्नसमारंभासाठी जो अष्टकोनी मंडप आहे, त्याचे बिडाचे खांब ग्लासगोहून, मॅकफार्लेनच्या त्याच फाउंड्रीतून आले. मोराची चित्रे असलेले काचेचे छत आणि त्याखाली ग्लासगोचे खांब! आकार इथून गेला, लोखंड होऊन परत आला आणि पुन्हा राजवाड्यात शिरला.

दुसरी छत्री

१९१४ च्या हिवाळ्यात ब्रायटनला वेगळेच पाहुणे आले. फ्रान्सच्या खंदकांत जखमी झालेले हिंदी शिपाई तिथे आणले जाऊ लागले. नगरपालिकेने रॉयल पॅव्हिलियन आणि लॉकवुड यांचे ते संगीतसभागृह रुग्णालयासाठी दिले. प्रचंड घुमटाखाली खाटांच्या रांगा लागल्या. जातिधर्माचे नियम सांभाळायला नऊ स्वयंपाकघरे चालवली गेली. १९१६ च्या आरंभापर्यंत एकट्या पॅव्हिलियनमध्ये चार हजारांहून अधिक, आणि गावातली सगळी रुग्णालये धरून सुमारे बारा हजार हिंदी सैनिकांवर उपचार झाले. ऑगस्ट १९१५ मध्ये पॅव्हिलियनच्या हिरवळीवर पंचम जॉर्ज बादशहांनी जमादार मीर दस्त यांच्या छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस लावला. हिंदी माणसांना हिंदी वाटावे अशा घुमटाखाली ठेवले आहे, याचा सरकारने प्रचारही भरपूर केला.

जे वाचले नाहीत, त्यांतल्या मुसलमानांचे दफन वोकिंगच्या मशिदीजवळ झाले. हिंदू आणि शीख यांच्यासाठी ब्रायटनबाहेर पॅचम गावाच्या वरच्या माळावर चिता रचण्यात आल्या. त्रेपन्न जणांचे दहन तिथे झाले. हिंदी वैद्यकीय सेवेतले लेफ्टनंट दासगुप्ता यांनी त्या जागी स्मारक असावे, अशी कल्पना महापौरांपुढे मांडली. आराखडा केला मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाने, राजस्थानात आयुष्य घालवलेल्या सर स्विंटन जेकब यांच्या देखरेखीखाली. १ फेब्रुवारी १९२१ रोजी युवराजांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. आठ खांब, वर पांढऱ्या संगमरवराचा घुमट. इंग्रजीतही तिचे नाव 'छत्री' असेच आहे.

असे हे एकाच गावातले दोन आठ बाजूंचे मंडप. समुद्रकाठचा लोखंडाचा, सुट्टीला आलेल्या माणसांसाठी. माळावरचा संगमरवरी, घरी परत न गेलेल्यांसाठी. पहिल्याचे पूर्वज हिंदी आहेत हे किती ब्रायटनकरांना ठाऊक असेल? आणि दुसऱ्याची छत्री राजाची नाही, शिपायांची आहे. आपल्याकडे शिपायाला कोणी छत्री बांधत नसे. ती बांधली गेली परक्या भूमीवर, परक्यांच्या लढाईत मेल्यावर. याचा अभिमान वाटावा की खेद, हे ज्याने त्याने ठरवावे.

दोन्ही छत्र्यांचे पुढे हालच झाले. दुसऱ्या महायुद्धात माळावर सैनिकांचा सराव चाले. गोळ्यांच्या खुणा स्मारकावर उमटल्या. गावोगावच्या बागांतले कठडे आणि कित्येक बँडस्टँड युद्धसाहित्याला लोखंड हवे म्हणून मोडले गेले. ग्रामोफोन आणि रेडिओ आल्यावर ऐकणारे आधीच घरात बसू लागले होते. २० जुलै १९८२ रोजी तर लंडनच्या रीजंट्स पार्कमधला बँडस्टँड आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या बाँबने उडाला आणि सात सैनिक-वादक ठार झाले. व्हिक्टोरियन काळापासून बांधल्या गेलेल्या दीड हजारांच्या घरातल्या बँडस्टँडांपैकी आता सुमारे एकतृतीयांशच शिल्लक असल्याचे अभ्यासक सांगतात. मॅकफार्लेनची फाउंड्रीही १९६७ मध्ये बंद पडली.

पण जे उरले ते तिथल्या लोकांनी सांभाळायला घेतले आहे. १९९६ पासून लॉटरीच्या उत्पन्नातून जुन्या बागांना पैसा मिळू लागला. ब्रायटनचा पिंजरा २००९ मध्ये दुरुस्त झाला. तुटलेला पूल पुन्हा जोडला गेला. तिथे आता उन्हाळ्यात बँड वाजतात आणि लग्नेही लागतात. माळावरच्या छत्रीपाशी १९५१ पासून दरवर्षी जून महिन्यात लोक जमतात, आणि २०१० मध्ये त्रेपन्न जणांची नावे तिथे कोरली गेली.

आपल्याकडचे चित्र काय? बऱ्याच जुन्या बागांतले बँडस्टँड दिवसा झोपायला आणि रात्री पत्ते कुटायला उपयोगी पडतात. कुठे त्यात पाण्याची मोटार बसवली आहे, कुठे माळ्याची खुरपी. आणि बँड? तो रस्त्यावर आहे. लाल डगला घातलेला बँडवाला वैशाखाच्या उन्हात नवरदेवाच्या घोड्यापुढे चालत वाजवतो. त्याच्या डगल्यावरची सोनेरी झालर लष्करी बँडची, वाद्ये थेट ब्लॅक डाइक गिरणीच्या मजुरांच्या वाद्यांची भावंडे. पण त्या मजुरांना बागेच्या मधोमध जे छप्पर मिळाले, ते याला मिळाले नाही. वरात संपली की पंगत बसते, तेव्हा तो मांडवाबाहेर असतो.

दिवाळीच्या पहाटे आता बहुतेक गावांत गाण्याचे कार्यक्रम होतात. त्यासाठी कापडी मांडव पडतो, भाड्याच्या खुर्च्या येतात, प्रवेशिका वाटल्या जातात आणि पुढच्या रांगा राखून ठेवल्या जातात. गावात जुनी बाग असेल आणि बागेत जुना बँडस्टँड असेल, तर एखाद्या वर्षी कार्यक्रम तिथे करून पाहावा. खांबांच्या पोटातला पालापाचोळा काढावा, छताच्या चार फळ्या बदलाव्यात. गाणाऱ्यांआधी अर्धा तास गावातल्या बँडवाल्यांना चौथऱ्यावर बसवावे, डगल्यासकट. अष्टकोनाला पुढची रांग नसते; जो लवकर येईल तो जवळ बसेल.